यहूदाचे दोन मृत्यू

यहूदा इस्कार्योत कसा मेला, या साध्या प्रश्नाला नव्या करारात दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पहिले उत्तर मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 27व्या अध्यायात आहे. येशूला दोषी ठरवण्यात आले हे पाहिल्यावर यहूदाला पस्तावा होतो. चांदीची तीस नाणी घेऊन तो मुख्य याजकांकडे परत जातो आणि एका निर्दोष माणसाचा घात केल्याची कबुली देतो. याजक हात झटकतात. यहूदा ती नाणी मंदिरात फेकतो, निघून जातो आणि गळफास लावून घेतो. रक्ताचे मोल खजिन्यात टाकणे नियमात बसत नाही, म्हणून याजक त्या पैशातून कुंभाराचे शेत विकत घेतात. परगावच्या माणसांना मूठमाती द्यायला जागा हवी असते. म्हणून त्या जागेला रक्ताचे शेत म्हणतात.

दुसरे उत्तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात आहे. इथे यहूदा पैसे परत करत नाही. अधर्माच्या त्या मिळकतीतून तो स्वतःच जमीन घेतो. त्या जमिनीवर तो पालथा पडतो, पोट मधोमध फुटते आणि आतडी बाहेर येतात. यरुशलेमच्या रहिवाशांना ही गोष्ट कळते आणि त्यांच्या भाषेत त्या जागेचे नाव हकलदमा, म्हणजे रक्ताचे शेत, असे पडते. पस्तावा नाही, दोर नाही, याजकही नाहीत.

म्हणजे शेत कोणी घेतले, मरण कसे आले आणि शेताला नाव कशामुळे पडले, या तिन्ही बाबतींत दोन्ही ग्रंथ वेगळे बोलतात. एकमत आहे ते इतकेच, की यहूदाला वाईट मरण आले आणि यरुशलेमजवळ रक्ताचे शेत नावाची एक जागा होती. आपल्याकडच्या स्थलमाहात्म्यांची सवय असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. एका तीर्थाच्या नावाच्या दोन-दोन व्युत्पत्ती आणि प्रत्येकीला जोडलेली वेगळी कथा, हे आपण पावलोपावली पाहतो.

अशा विसंगतींची यादी करण्याचा उद्योग जुना आहे आणि महाराष्ट्रातही तो जोरात चालला. 1831 साली मोरोभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांच्यात मुंबईत वाद झाला. 1857 साली विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भिडले. त्या काळच्या खंडनमंडनात एका पक्षाने पुराणांतल्या विसंगती काढायच्या आणि दुसऱ्याने बायबलमधल्या, असा रिवाजच पडून गेला. त्या वादांचे ऐतिहासिक मोल मी मानतो. पण वाचनाच्या दृष्टीने दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच होते: विसंगती सापडली की ग्रंथ पडला, आणि सांधता आली की ग्रंथ तरला. विसंगती नीट वाचून पाहावी असे दोघांनाही वाटले नाही. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याजवळ नाही. ग्रीक मी चाळिशी उलटल्यावर व्याकरणाचे एक जुने पुस्तक पुढ्यात घेऊन शिकलो. तेव्हा ग्रंथ पाडण्यात किंवा तारण्यात माझे काही अडलेले नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच: ही विसंगती सांधून टाकली तेव्हा काय झाले, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

सांधण्याची रूढ रीत बहुतेकांना ठाऊक असेल. यहूदाने गळफास घेतला, दोर किंवा फांदी तुटली, तो खाली पडला आणि पोट फुटले. शेताचे म्हणाल तर पैसा यहूदाचा होता, याजकांनी तो वापरला, म्हणून खरेदी यहूदाचीच म्हणायची. हे अशक्य नाही. पण दोर तुटल्याचे मत्तय सांगत नाही आणि दोर असल्याचे कृत्यांचा लेखक सांगत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या ठरवण्यासाठी तिसरी गोष्ट रचावी लागते आणि ती दोघांपैकी कोणाचीच नसते.

या तिसऱ्या गोष्टीचे वय मात्र मोठे आहे आणि तिने चक्क मूळ पाठातही शिरकाव केला. कृत्यांतल्या ग्रीक शब्दांचा सरळ अर्थ ‘पालथा होऊन’ असा आहे. ऑगस्टिनने एका वादात कृत्यांचा जो जुना लॅटिन पाठ दिला आहे, त्यात यहूदा आधी स्वतःच्या गळ्याला फास बांधतो आणि मग तोंडघशी पडतो. जेरोमच्या नावाने चालत आलेल्या व्हल्गेट या लॅटिन बायबलात तर ‘पालथा’ गेला आणि त्या जागी ‘टांगलेला’ आला. टांगलेल्या अवस्थेत तो मधोमध फुटला, असे तिथे वाचायला मिळते. हजार वर्षांहून अधिक काळ पश्चिम युरोपने हाच पाठ वाचला. लॅटिन वाचणाऱ्याला विसंगती दिसण्याची सोयच उरली नाही, कारण भाषांतरानेच ती बुजवली होती.

पूर्वेकडे वेगळीच खटपट दिसते. हिएरापोलिसचा पापियास दुसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेला. त्याचे ग्रंथ हरवले, पण इतरांनी दिलेले उतारे शिल्लक आहेत. त्याच्या मते यहूदाचे अंग इतके सुजले की बैलगाडी जाईल एवढ्या वाटेतूनही त्याला जाता येईना, आणि तो स्वतःच्या जमिनीवरच मेला. हा उतारा जतन करणाऱ्या अपोलिनारिसची युक्ती मासलेवाईक आहे: यहूदाने फास घेतला खरा, पण जीव जाण्याआधीच त्याला खाली उतरवण्यात आले, पुढे तो सुजून मेला. तिन्ही कथा एका दोरात ओवल्या.

कथाकाराने असे ओवणे समजण्याजोगे आहे. 1616 साली फादर स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण रचले तेव्हा चार शुभवर्तमानांतला येशू त्यांनाही एका सलग कथेत आणावा लागला. ओवीबद्ध पुराणात चार वेगळे येशू चालले नसते. दुसऱ्या शतकात, साधारण 170च्या सुमारास, तातियनने चारही शुभवर्तमाने विणून एकच ग्रंथ केला होता आणि सिरियातल्या मंडळ्यांत तो बराच काळ वाचला जाई. पण पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपने आपल्या प्रदेशातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा केल्या आणि त्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. अधिकृत भूमिका स्पष्ट होती: साक्षी चार आहेत, त्या चारच राहाव्यात. ग्रंथाच्या बाबतीत जी शिस्त पाळली ती प्रवचनात आणि चित्रात पाळली गेली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता दोन्ही वृत्तांत सुटे सुटे वाचून पाहू.

मत्तयने यहूदाचा प्रसंग कुठे ठेवला आहे हे आधी पाहावे. त्याच्या लगेच आधी पेत्र येशूला तीनदा नाकारतो आणि बाहेर जाऊन रडतो. दोन शिष्य, दोन अपराध, दोघांनाही आपण काय केले ते कळलेले. पुढे पिलात पाण्याने हात धुतो. इथे मत्तयची बारीक कारागिरी दिसते. याजक यहूदाला ‘ते तुझे तू बघ’ अशा अर्थाचे उत्तर देतात आणि वीसेक वचनांनंतर पिलात जमावाला तेच ग्रीक क्रियापद वापरून तेच सांगतो. निरपराध रक्ताची जबाबदारी हातोहात फिरते आहे. याजक म्हणतात आमची नाही, पिलात म्हणतो माझी नाही. ती स्वतःच्या अंगावर घेऊन ‘मी पाप केले’ असे म्हणणारा या साऱ्या प्रकरणात एकटा यहूदा आहे.

फास घेतल्याचे सांगताना मत्तयने वापरलेले ‘अपेंक्सातो’ हे क्रियापद नव्या करारात पुन्हा कुठेही येत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मात्र हेच रूप अहिथोफेलच्या मृत्यूसाठी आले आहे. अहिथोफेल हा दावीद राजाचा सल्लागार. तो बंडखोरांना जाऊन मिळाला आणि आपला सल्ला मानला जात नाही असे पाहून त्याने घरी जाऊन फास घेतला. दावीदाच्या वंशातल्या राजाशी द्रोह करणाऱ्याचा शेवट मत्तयला त्या जुन्या साच्यात दिसला. जुन्या शास्त्रात आजच्या घटनेचे रूप शोधणे ही या लेखकाची सवयच आहे.

कृत्यांचा लेखक, परंपरेने लूक, वेगळ्या कामात गुंतलेला आहे. त्याला जमीन आणि पैसा यांविषयी बोलायचे आहे. यहूदाने घेतलेल्या जमिनीला तो ‘खोरिऑन’ म्हणतो, तर मत्तयचा शब्द ‘अग्रोस’ आहे. पुढे चौथ्या अध्यायाच्या शेवटी ज्यांच्याकडे जमिनी आहेत ते विश्वासू लोक त्या विकून पैसे प्रेषितांच्या पायांपाशी ठेवतात, तिथे हाच ‘खोरिऑन’ येतो. पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा जमीन विकतात, पण किमतीतला काही भाग लपवून ठेवतात आणि जागच्या जागी कोसळून मरतात. तिथेही ‘खोरिऑन’च आहे. बाराव्या अध्यायात हेरोद राजा किडे पडून मरतो. देवाच्या विरोधात गेलेल्याचा देह असा अचानक आणि किळसवाण्या रीतीने नष्ट होणे, हे या लेखकाचे मृत्यूचे व्याकरण आहे. इतर जण जमिनी विकत असताना यहूदा जमीन घेतो, इथे त्या गोष्टीचा गाभा आहे. अशा कथेत पस्ताव्याला जागा नाही आणि आत्महत्येला तर मुळीच नाही. हा यहूदा स्वतःला मारत नाही, तो मारला जातो.

हा मजकूर पेत्राच्या भाषणाच्या मधे येतो. पण यरुशलेमकरांसमोर पेत्र ‘त्यांच्या भाषेत’ असे कसे म्हणेल? लेखकाने तो आपल्या ग्रीक वाचकांसाठी घातलेला कंस आहे. पौलाच्या लेखनात तर यहूदाच्या मृत्यूचा उल्लेखच नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुनरुत्थित येशू ‘बारांना’ दिसल्याचे तो सहज सांगून जातो. यहूदा वजा केला तर अकराच उरतात, हे लक्षात आल्यावर काही हस्तलिखितांत कोणीतरी ‘अकरा’ करून टाकले!

हस्तलिखितांचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो. याच प्रसंगात मत्तय तीस नाण्यांची भविष्यवाणी यिर्मयाच्या नावावर देतो. तीस नाणी, देवाचे घर आणि कुंभार हे सगळे आहे ते मात्र जखऱ्याच्या 11व्या अध्यायात. इसवी सन 400च्या सुमारास ऑगस्टिनने शुभवर्तमानांच्या एकवाक्यतेवर एक ग्रंथ लिहिला, त्यात हा प्रश्न त्याने अंगावर घेतला आहे. काही प्रतींत यिर्मयाचे नाव नाही, हे त्याला माहीत होते. त्या प्रती खऱ्या मानल्या असत्या तर सुटका होती. तो ती वाट नाकारतो. त्याचे कारण असे: बहुतेक प्रतींत नाव आहे, आणि नसलेले नाव घालून कोणी स्वतःहून अडचण का ओढवून घेईल? उलट असलेले नाव अडचणीचे म्हणून काढून टाकणे लेखनिकाला सहज सुचेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत डॉ. वि. स. सुकथनकरांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा अवघड पाठाला झुकते माप देण्याचे हेच तत्त्व त्यांच्यापुढे होते. शंकास्पद पाठाखाली नागमोडी रेघ मारून त्यांनी ती शंका छापून ठेवली. अडचण पुसू नये, हे ऑगस्टिनला पंधराशे वर्षे आधी कळले होते. इतका प्रामाणिक वाचक यहूदाच्या मृत्यूपाशी आल्यावर मात्र वेगळा वागला, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

410 साली रोम लुटले गेले. अत्याचार झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांनी जीव का दिला नाही, असे टोमणे मारले जाऊ लागले. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात ऑगस्टिन त्या स्त्रियांची बाजू घेतो, आणि त्यांनी जगणेच योग्य होते असे ठासून सांगतो. हेतू करुणेचा होता, हे नमूद केलेच पाहिजे. पण युक्तिवादात तो यहूदाचा दाखला आणतो: यहूदाने देवाच्या दयेची आशा सोडली, फास घेतला, आणि त्यामुळे त्याचा अपराध फिटण्याऐवजी वाढला. आता मत्तय पुन्हा वाचा. यहूदाने आशा सोडल्याचे तिथे लिहिलेले नाही. फासामुळे अपराध वाढल्याचेही नाही. फास घेतला, एवढे सांगून मत्तय शेताच्या खरेदीकडे वळतो.

यहूदाला झाला तो खरा पश्चात्ताप नव्हेच, असा बचाव पुढच्या टीकाकारांनी शब्दाच्या आधारे केला. मत्तयने यहूदासाठी जे क्रियापद वापरले ते नुसती हळहळ दाखवते, ‘मेटानोइया’ म्हणजे मनाचा खरा पालट दाखवत नाही, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही, आणि त्याचा पुरावा मत्तयमध्येच आहे. 21व्या अध्यायात दोन मुलगे असलेल्या बापाचा दृष्टांत आहे. पहिला मुलगा द्राक्षमळ्यात जायला नकार देतो, पण नंतर त्याचे मन पालटते आणि तो जातो. बापाच्या इच्छेप्रमाणे वागला तो हाच, असा दृष्टांताचा निकाल आहे. त्याच्या पालटासाठी वापरलेले कृदंत आणि यहूदासाठी वापरलेले कृदंत अक्षरशः एकच आहे. मुलाच्या बाबतीत तो शब्द पुरेसा ठरत असेल, तर यहूदाच्या बाबतीत अपुरा का? मराठीत ‘पस्तावा’ हलका आणि ‘पश्चात्ताप’ भारदस्त वाटतो, त्यामुळे इथेही असाच भेद करावासा वाटेल. पण पस्तावा हा पश्चात्तापाचाच प्राकृतातून झिजत आलेला तद्भव आहे.

यावर आक्षेप येईल आणि तो टाळता येण्यासारखा नाही. मत्तयच्याच 26व्या अध्यायात, घात करणारा जन्मलाच नसता तर बरे झाले असते, असे येशू म्हणतो. योहान तर यहूदाला चोर ठरवतो. तेव्हा मत्तयने यहूदाला निर्दोष सोडले असा माझा दावा नाही. दावा इतकाच आहे, की मत्तयमधला तो भयंकर उद्गार घाताविषयी आहे, फासाविषयी नाही. कृत्यांतले फुटलेले पोट हीसुद्धा घाताची आणि त्या कमाईची शिक्षा आहे. दोन्ही वृत्तांत एकत्र केल्यावर मात्र क्रम बदलतो. आधी फास आणि मग फुटणे. दोर मत्तयचा, कोप लूकचा. मग पाहणाऱ्याला वाटू लागते की देवाची शिक्षा झाली ती फास घेतल्याबद्दल. माझ्या मते या सांधेजोडीचा सर्वांत घातक परिणाम हा आहे.

तेराव्या शतकातल्या ‘सुवर्णकथा’ या लोकप्रिय संतचरित्रसंग्रहात असे स्पष्टीकरण येते, की ज्या तोंडाने येशूचे चुंबन घेतले त्या तोंडावाटे यहूदाचा प्राण जाणे योग्य नव्हते, म्हणून पोट फुटले. 1492 साली जोव्हान्नी कानावेसिओने आल्प्सच्या पायथ्याशी ला ब्रीगजवळच्या एका देवळात यहूदा रंगवला. तो झाडाला लटकलेला आहे, आतडी बाहेर लोंबताहेत आणि फाटलेल्या पोटातून एक सैतान त्याचा आत्मा ओढून काढतो आहे. हा ना मत्तयचा यहूदा आहे ना लूकचा. ज्या भाविकाने दोन्ही ग्रंथ कधी वाचले नाहीत, त्याच्या मनात हाच राहिला.

याच काळात कायदाही घडत गेला. 561 साली ब्रागाच्या धर्मसभेने आत्महत्या केलेल्यांसाठी प्रार्थनेत स्मरण करू नये आणि स्तोत्रे म्हणत त्यांना पुरायला नेऊ नये, असा नियम केला. तो केवळ यहूदामुळे झाला असे मी म्हणणार नाही. रोमन कायदा, सहावी आज्ञा, जीव वाचवण्याची चिंता अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. पण ‘यहूदासारखा मेला’ हा शेरा त्या नियमाच्या सोबतीने शतकानुशतके चालला. घरातले माणूस गेलेल्या आईबापांना त्या दुःखावर आणखी हा शेराही ऐकावा लागला. कॅथलिक चर्चच्या 1917च्या विधिसंहितेत जाणूनबुजून जीव देणाऱ्यांची नावे धार्मिक दफन नाकारण्याच्या यादीत होती. 1983च्या संहितेत ती काढून टाकण्यात आली.

मत्तय सुटा वाचण्याची शक्यता कोणाला सुचलीच नव्हती, असेही नाही. ऑगस्टिनच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओरिजेनने ती वापरली होती. मत्तयवरच्या भाष्यात तो यहूदाच्या मनात शिरून विचार करतो: गुरू मरणारच आहे, तर त्याच्या आधी मरून अधोलोकात पोचावे, उघड्या आत्म्याने त्याला सामोरे जावे आणि दया मागावी, असे यहूदाला वाटले असेल. ओरिजेन यहूदाला शाबासकी देत नाही. पण त्याच्या वाचनात फास म्हणजे आशेचा शेवट नाही. ती गुरूकडे जाण्याची, चुकीची का होईना, धडपड आहे. पोट फुटलेल्या यहूदाविषयी असे वाक्य लिहिता आले नसते. 553 साली ओरिजेनला पाखंडी ठरवण्यात आले, ते वेगळ्याच मतांसाठी. पण त्यानंतर त्याचे बोट धरून वाचणारे कमी झाले.

त्या शेताचे पुढे काय झाले? कृत्यांच्या लेखकाने तिथे स्तोत्रातले वचन आणून ती वस्ती ओसाड पाडली आहे. मत्तयमध्ये ती ओसाड नाही. ज्यांचे यरुशलेमात कोणी नाही अशांसाठी ती दफनभूमी झाली. हिन्नोमच्या खोऱ्याच्या दक्षिण बाजूला जी जागा आज हकलदमा म्हणून दाखवली जाते, तिथे बाराव्या शतकात हॉस्पिटलर पंथाच्या लोकांनी यात्रेकरूंना पुरण्यासाठी मोठे तळघर बांधले. दूरदेशाहून पायी आलेली आणि यरुशलेमात मेलेली माणसे तिथे आणली जात. त्या बांधकामाचे अवशेष अजून उभे आहेत.